गाडी गरम होतेय: रेडिएटर रिपेअर करू, नवा टाकू की थर्मोस्टॅटच काढून टाकू?

माझ्या मेव्हण्याने गेल्या वर्षी सेकंडहँड पेट्रोल हॅचबॅक घेतली, 2013 ची, आणि दुसऱ्याच महिन्यात शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये काटा लाल पट्ट्याकडे चढायला लागला. तीन गॅरेज फिरला. पहिला म्हणाला रेडिएटर (इंजिनातून आलेलं गरम पाणी गार करणारी पुढची जाळी) खोलून साफ करून देतो, 1500 द्या. दुसरा म्हणाला नवाच टाका, फिटिंगसकट 4500. तिसरा सगळ्यात भारी, म्हणे थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकतो, मुंबईत काय बर्फ पडतो का. रात्री मला फोन, भावोजी काय करू?

मी म्हटलं आधी गाडी गरम कधी होते ते सांग, कारण अर्धं उत्तर तिथेच असतं. सिग्नलला, जॅममध्ये गरम होते आणि गाडी पळायला लागली की काटा खाली येतो, तर पहिला संशय फॅनवर, कारण पळताना हवा आपोआप लागते, उभ्या गाडीला फॅनच लागतो. बहुतेक गाड्यांत एसी लावला की पुढचा फॅन फिरायला लागतो, तेवढं बॉनेट उघडून ऐकायचं, पैसे लागत नाहीत. उलट ट्रॅफिकमध्ये ठीक पण घाटात किंवा हायवेला 100 च्या स्पीडला तापते, तर रेडिएटर चोकअप, नाहीतर वॉटर पंप, नाहीतर अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट. आणि चालू केल्यावर थोड्याच वेळात काटा वर, वरचा होज चटका बसेल इतका गरम आणि खालचा गारच, तर बहुतेक थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा फेस किंवा कूलंटच्या बाटलीत सतत बुडबुडे, तर हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलंय, मग हा लेख बाजूला ठेवा, तो खर्च वेगळा.

मेव्हण्याच्या गाडीत फॅनचा रिले, म्हणजे फॅनला करंट देणारा स्विच, गेलेला निघाला. बदलला, शिळफाटा सुटला. पण गणपतीत नाशिकला निघाले तर कसारा घाटात काटा परत वर. म्हणजे दुखणी दोन होती, आणि दुसरं रेडिएटरचं. आधीच्या मालकाने बहुतेक सोसायटीच्या बोअरिंगचं पाणी भरलेलं, झाकण उघडलं तर आत चहाच्या रंगाचा गाळ.

आता रिपेअर की नवा. पूर्वीचे रेडिएटर तांब्या-पितळेचे असायचे, रेडिएटरवाला टाकी सोडवून आत सळ्या फिरवून गाळ काढायचा आणि परत डाग द्यायचा (सोल्डरिंग करायचा), ते काम खरंच टिकायचं. आताच्या गाड्यांत मधला कोअर अ‍ॅल्युमिनियमचा आणि दोन बाजूच्या टाक्या प्लास्टिकच्या, रबरी सील घालून पत्रा दाबून बसवलेल्या. हा पत्रा एकदा उघडला की पुन्हा पहिल्यासारखा बसेलच असं नाही, आणि उष्णतेने वर्षानुवर्षं शिजलेलं प्लास्टिक एका जागी तडकलं की दुसरीकडेही तडकायच्या बेतात असतं. एम-सील लावून देतात, तेही काही दिवसच. त्यातून आपली खारी हवा, जाळीच्या बारीक पत्र्या बोट लावलं तरी भुगा होऊन पडतात, तिथे आतून कितीही साफ करा, बाहेरून उष्णता जाणार कुठून? म्हणून माझं मत: गाडी 5-6 वर्षांच्या आतली असेल, जाळी धड असेल, फक्त सील गळत असेल तर रिपेअर करा. गाडी सहा महिन्यांत विकायची असेल तरी रिपेअर चालेल (पण घेणाऱ्याला सांगा बाबा). दहा वर्षं जुनी गाडी, ठेवायची आहे आणि वर्षातून दोनदा कोकणात जायचंय, तर नवाच. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला वापरलेला स्वस्तात मिळतो, मी बंपर आणि आरसे तिथून घेईन, रेडिएटर नाही, कारण आत किती गाळ आहे ते दिसत नाही. नवा घेताना कॅपही नवी घ्या. कॅपचं स्प्रिंग ढिलं पडलं की प्रेशर धरत नाही आणि कूलंट लवकर उकळतं, आणि एवढ्याशा कॅपपायी लोक अख्खा रेडिएटर बदलून बसतात.

गळतीसाठी हळद टाकायची आयडिया तुम्हालाही कोणीतरी देईलच. रस्त्यात अडकलात, घरी पोचायचंय, तर ठीक. पण तीच हळद, किंवा बाटलीतलं स्टॉप-लीक म्हणा, पुढे बारीक नळ्यांत आणि हीटरच्या कोअरमध्ये जाऊन बसते.

थर्मोस्टॅट काढण्याबद्दल माझं उत्तर सरळसरळ 'नको'. तो साधारण 82 ते 88 डिग्रीला उघडतो आणि इंजिनाला त्याच्या कामाच्या टेंपरेचरवर ठेवतो. काढला की इंजिन गारच राहतं, कॉम्प्युटरला वाटतं अजून वॉर्मअप चाललाय, तो पेट्रोल जास्त सोडतो, अ‍ॅव्हरेज पडतं आणि पीयूसीला पंचाईत. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट उघडताना बायपासचा रस्ता बंद करतो, तो काढला तर बरंच पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात, म्हणजे गाडी उलट जास्त तापते! नव्या थर्मोस्टॅटपेक्षा पेट्रोलमध्येच जास्त पैसे जातील. फॅन डायरेक्ट करून स्विच लावून देणारेही भेटतात, ते घरी पोचेपर्यंतच, कारण स्विच टाकायचा राहिला की संपलं.

कूलंट रेडीमिक्स घ्यायचं की कॉन्सन्ट्रेट? रेडीमिक्स थेट ओता, झंझट नाही. कॉन्सन्ट्रेट लिटरमागे स्वस्त पडतं पण डिस्टिल्ड वॉटर स्वतः मिसळावं लागतं, आणि नेमका तिथेच माणूस नळाखाली बाटली धरतो. स्वतः करणार असाल तर कॉन्सन्ट्रेट, गॅरेजवाल्याला देणार असाल तर सीलबंद रेडीमिक्स समोर फोडायला लावा. हिरवं-लाल रंगावर जाऊ नका, रंगाला काही नियम नाही, मॅन्युअलमध्ये लिहिलेला प्रकार बघा. जुनं काढलेलं कूलंट बिल्डिंगच्या आवारात ओतू नका, चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

आणि काटा चढलाच तर एसी बंद, हीटर फुल, बाजूला घेऊन इंजिन बंद, तासभर तरी कॅपला हात नाही, थंड पाणी ओतणं नाही, हेडला तडा जाऊ शकतो.

मेव्हण्याने शेवटी नवा रेडिएटर, नवी कॅप, नवा थर्मोस्टॅट असं सगळं एकदमच केलं, कारण कूलंट तसंही काढायचंच होतं आणि मजुरी एकदाच लागली. जुना रेडिएटर गॅरेजवाला ठेवून घेणार होता, पण बहिणीने तो मागून आणला आणि भंगारवाल्याला वजनावर घातला.