आरपी२०४०ची डेटाशीट: फर्मवेअरवाल्याच्या नजरेतून

रास्पबेरी पायने २०२१ साली पिको या छोट्या बोर्डासोबत त्यावरच्या आरपी२०४० या मायक्रोकंट्रोलर चिपची डेटाशीट (तांत्रिक माहितीपुस्तिका) काढली. सहाशेहून जास्त पानं, पीडीएफ फुकट. एसडीके (कंपनीचा तयार कोडसंच) बाजूला ठेवून नुसत्या हिच्यावर ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा कोड) लिहिता येतो का, ही माझी कसोटी. बहुतेक प्रकरणं त्यात पास होतात.

रजिस्टर म्हणजे हार्डवेअर हाताळायची, ठरलेल्या पत्त्यावरची जागा. त्यांच्या तक्त्यांत बिट, नाव, वर्णन, प्रकार आणि रीसेटनंतरचं मूल्य असतं. प्रकाराचा रकाना वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. यूएआरटीच्या (सिरियल पोर्टच्या) डेटा रजिस्टरचा प्रकार सांगतो, की वाचलं की फिफोतला (आलेल्या बाइटांच्या रांगेतला) बाइट गेला. डीबगरच्या मेमरी विंडोत तेच रजिस्टर उघडं असलं की बाइट गायब होतात आणि दोष मात्र केबलला.

सगळ्यात सरस भाग बसबद्दलचा, म्हणजे प्रोसेसर आणि पेरिफेरल (चिपमधले यूएआरटीसारखे ब्लॉक) यांना जोडणाऱ्या मार्गाबद्दलचा. पेरिफेरलच्या रजिस्टरच्या पत्त्यात हेक्स १००० मिळवून लिहिलं तर एक्सॉर (दिलेले बिट उलटतात), २००० मिळवून बिट सेट, ३००० मिळवून क्लिअर. वाचा-बदला-लिहा ही भानगडच नको, त्यामुळे मध्येच इंटरप्ट (चालू काम थांबवणारा इशारा) आला तरी बिघडत नाही. एसआयओला (पिना थेट हाताळणाऱ्या, प्रोसेसरलगतच्या ब्लॉकला) मात्र ही सोय नाही, त्याची सेट-क्लिअर रजिस्टरं वेगळी आहेत.

पिकोवरचा एलईडी लावून बघा: रीसेट रजिस्टरचे बिट ५ आणि ८ (आयओ आणि पॅड) क्लिअर करा, रीसेट-डनमध्ये तेच बिट १ होईपर्यंत थांबा, एलईडीच्या पिनेचं, म्हणजे जीपीआयओ २५चं, फंक्शन ५ (एसआयओ) करा, मग एसआयओमध्ये आउटपुट एनेबल आणि सेट. मधलं थांबणं गाळलं तर पुढचं लिखाण वाया जाऊ शकतं.

एक सापळा छोट्याशा परिच्छेदात दडलाय, तो खरं तर ठळक चौकटीत हवा होता. आठ बिटांनी हेक्स १२ लिहिलं, तर पेरिफेरलला १२१२१२१२ पोचतं. सी-मधल्या बिटफील्डवर (रजिस्टरच्या मोजक्या बिटांना नाव देण्याची सोय) कंपायलरने बाइट-राइट काढला, की शेजारची फील्डं गेली! लिखाण ३२ बिटांचंच ठेवा.

बाहेरून घेतलेल्या ब्लॉकांशी आल्यावर भाषा बदलते. यूएआरटी आर्म कंपनीचा, आयटूसी (दोन तारांवर इतर चिपांशी बोलणारा ब्लॉक) सिनॉप्सिस कंपनीचा. नावांची धाटणी वेगळी, वर्णनं लांबलचक. यूएआरटीच्या बॉड रेटचे (डेटा पाठवण्याच्या वेगाचे) दोन भाजक (१२५ मेगाहर्ट्झवर ११५२००साठी ६७ आणि ५२) लिहून झाल्यावर लाइन कंट्रोल रजिस्टर लिहावंच लागतं, नाहीतर ते लागू होत नाहीत. हा क्रम आरंभीच पायऱ्यांत द्यायला हवा होता. आयटूसीचा टार्गेट पत्ताही (ज्या चिपशी बोलायचं तिचा) ब्लॉक बंद असतानाच बदला.

शेवटची इराटा यादी (चिपमधल्या ज्ञात चुका, क्रमांकासह) चोख आहे. ई५ ही यूएसबीची चूक बी२ आवृत्तीत दुरुस्त झाल्याचं तिथेच लिहिलंय. ई११ मात्र एडीसी (व्होल्टेज मोजून आकडा देणारा ब्लॉक) वापरणाऱ्यांनी आधी वाचावी: ५१२, १५३६, २५६० आणि ३५८४ या कोडांपाशी मापन अडखळतं.