वटवाघळं ऐकणारा रेकॉर्डर: काम चोख, जाहिरात फुगवलेली

माझा पुतण्या चंद्रपूरकडं भूमिगत कोळसा खाणीच्या पर्यावरण सर्वेक्षणाला असतो. त्याच्या सांगण्यावरून हा रेकॉर्डर घेतला अन् इथं अंबाजोगाईला हत्तीखाना लेण्यांजवळ लावून बघितला. तीन पेन्सिल सेल टाकायचे, झाडाला बांधायचा, झालं.

माणसाच्या कानाला साधारण २० किलोहर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही, अन् किडे खाणारी बहुतेक वटवाघळं त्याच्या वरच ओरडतात. हा पठ्ठ्या सेकंदाला आवाजाचे २,५६,००० नमुने घेतो, म्हणजे त्याच्या निम्म्यापर्यंत, १२८ किलोहर्ट्झपर्यंत सगळं टिपतो. पण त्यापायी तासाला जवळपास १.८ जीबी खातो. रात्रभर चालू ठेवला तर ६४ जीबीचं कार्ड चौथ्या रात्री भरतं. जाहिरातीत ‘महिनाभर निर्धास्त’ म्हणतात, कसलं काय!

जुन्या खाणीचं तोंड विटांनी बुजवायच्या आधी हा लावावा. आत वटवाघळं निघाली तर भिंतीऐवजी आडव्या गजांचं फाटक बसवतात. माणूस अडतो, वटवाघूळ जातं.

सगळ्या जिवांना मात्र हा पुरत नाही. कोळसा काढल्यावर वरची जमीन खचते, भेगांतून पाणी खाली उतरतं. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये दुर्मीळ जायंट ड्रॅगनफ्लाय या चतुराच्या दलदलींना हाच धोका आहे. तो डोळ्यांनीच हुडकावा लागतो, अन् दलदलीतलं पाणी वेगळं मोजावं लागतं.

पाच पैकी चार. डबी पावसाला टिकत नाही, प्लास्टिकचं कव्हर सोबतच मागवा.