स्वतः बदललेले फ्रेट, आठ महिन्यांनी

आठ महिन्यांपूर्वी मी माझ्या इलेक्ट्रिक गिटारचे सगळे, म्हणजे 22, फ्रेट (तारांखालच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) उपटून नवे बसवले. आयुष्यात पहिल्यांदाच. तेव्हा मुद्दामच काही लिहिलं नाही, कारण नवे फ्रेट बसले की पहिले पंधरा दिवस सगळं झकासच वाटतं. आता रोज वाजवून झालंय.

जुन्या फ्रेटांवर, विशेषतः पहिल्या तिनांवर, तारांखाली खड्डे पडले होते. आधी दोनदा घासून सपाट केल्यामुळे उंची जेमतेम 0.7 मिलिमीटर उरली होती. आणखी घासायला धातूच शिल्लक नव्हता. नवी वायर घेतली निकेल-सिल्व्हरची, 2.7 मिलिमीटर रुंद आणि 1.2 उंच. (नावात सिल्व्हर असलं तरी चांदी औषधालाही नसते; तांबं, निकेल आणि जस्त.) स्टेनलेस स्टील कितीतरी जास्त टिकतं, पण ते कानशींचा जीव घेतं. नवशिक्या हाताला निकेल-सिल्व्हरच बरं, हे माझं मत अजून कायम आहे.

धास्ती होती ती जुने फ्रेट काढण्याची. ते काम निघालं सोपं. फ्रेटवर सोल्डरिंग आयर्न टेकवून तो चांगला तापू द्यायचा, मग तोंड घासून सपाट केलेला निपर एका टोकाला लावून चिमटत चिमटत पुढे सरकायचं. ओढायचं नाही. निपरची धार खाली शिरते आणि फ्रेट आपोआप उचलला जातो. तरी घाई झाली तिथे फ्रेटखालच्या लाकडाचे, रोझवूडचे, तीन टवके उडालेच. दोन सापडले, ते जागच्या जागी चिकटवले. तिसरा बहुधा केरात गेला.

खरा घोळ झाला ठोकताना. फ्रेटच्या खालच्या पात्याला बारीक दाते असतात, ते खाचेच्या लाकडात रुतून फ्रेट धरून ठेवतात. माझ्या खाचा त्या पात्याच्या मानाने किंचित अरुंद होत्या, हे मी मोजलंच नव्हतं. एका फ्रेटने काही बिघडत नाही. पण बावीस फ्रेट म्हणजे बावीस पाचरी! बाराव्यापर्यंत पोचले तोवर नेक, म्हणजे गिटारचा लांब दांडा, मागे वाकायला लागली होती. पट्टी ठेवून पाहिलं तर मधला भाग वर आणि दोन्ही टोकांना फट. ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक कमी-जास्त करणारी सळई) पूर्ण सैल केला तरी बाक राहिलाच. उरलेल्या दहा खाचा मी बारीक करवतीने हलक्या हाताने मोकळ्या केल्या, बाकीचं तारांच्या ताणावर सोडलं. तारा चढवल्यावर नेक जवळपास सरळ झाली. नशीब.

सपाटीकरणाबद्दल सगळे लिहितात, म्हणून थोडक्यात: मार्करने फ्रेटांची माथी रंगवा, सरळ पट्टीला पॉलिश पेपर लावून घासा, रंग सगळीकडे गेला की थांबा. मग माथे पुन्हा गोल करा. स्टील वूलने चकाकी आणणार असाल तर आधी पिकअप (तारांखालचे, आवाज पकडणारे चुंबकी भाग) टेपने झाका, नाहीतर त्याचा चुरा चुंबकांना कायमचा चिकटतो.

फ्रेटांच्या टोकांवर मात्र वेळ घालवा. मी एका संध्याकाळीच उरकलं आणि पुढचा आठवडाभर तळहाताच्या कडेला ओरखडे मिरवले. शेवटी बारीक कानस घेऊन एकेका टोकाचे दोन्ही कोपरे मारले. 44 टोकं, दोन रात्री.

आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानीमनी नव्हती. फ्रेट उंच झाले, नट (नेकच्या वरच्या टोकाची, तारा जिच्या खाचांतून जातात ती पट्टी) मात्र होता तेवढाच. म्हणजे मोकळी, बोट न दाबलेली, तार आता पहिल्या फ्रेटच्या अगदी अंगावर. मोकळी जी (G) तार वाजवली की खर्रर्र. नटखाली कागदाची पट्टी सरकवून दोन महिने काढले, मग नवा नट घातला.

आता आजची स्थिती. बेंड घेताना, म्हणजे तार बोटाने आडवी ओढून सूर चढवताना, ती घसरत छान जाते. जुन्यावर ती खड्ड्यात अडकायची. दुसऱ्या फ्रेटवर बी तारेखाली पुसटशी रेघ उमटली आहे, खड्डा नाही. कोरड्या हवेच्या दिवसांत लाकूड आकसलं आणि टोकं पुन्हा जराशी बाहेर आली, परत कानस. नेकचा मागचा बाक हळूहळू उतरला, ट्रस रॉडला पाव फेरा द्यावा लागला. आणि चौदाव्याचं एक टोक, ज्याची वायर मी पुरेशी वाकवून घेतली नव्हती, सहाव्या महिन्यात वर उचकटलं. सुपरग्लूचा थेंब सोडून लाकडी ठोकळ्याने रात्रभर दाबून ठेवलं. धरलंय अजून. पंधराव्यावर जोरात बेंड घेतला की मात्र कुठेतरी बारीक खरखर येते, ती कुठून येते ते शोधणं चालू आहे.