मीड: साधी घ्यावी की कोकमाची?

मे महिन्यात मालवणला येण्याआधी भाच्याचा फोन आला, "मामा, मीडची एकच बाटली आणतो. साधी की कोकमवाली?" एका वाक्यात सांगता येईना.

मीड म्हणजे मधात पाणी घालून यीस्टने आंबवलेली दारू. मधात मुळात पाणी जेमतेम 18 टक्के, म्हणून तो बरणीत वर्षानुवर्षं टिकतो. पातळ केला की आंबतो. फेणीसारखी ही भट्टीवर गाळत नाहीत, त्या अर्थाने ती माडीच्या गोत्रातली. पण माडी संध्याकाळपर्यंत आंबून बसते, मीडला मुरायला महिने द्यावे लागतात.

साधी, म्हणजे पारंपरिक मीड: मध, पाणी, यीस्ट, बस्स. अल्कोहोल बहुधा 11 ते 14 टक्के. मसाला नाही, फळ नाही, त्यामुळे मध बेताचा असला तर मीडही बेताचीच लागते. पेला नाकाशी नेला की पोळं पिळल्यावर हाताला राहतो तसा मेणाचा वास येतो, आणि घोट घेतला तर बहुतेकदा गोडवा नाहीच! साखर यीस्टने खाऊन टाकलेली असते. इथेच नवखा फसतो. बाटलीवर कोरडी (म्हणजे गोडवा न उरलेली), मध्यम की गोड ते बघूनच घ्यावी. जांभळाच्या मधाची असली तर घशाशी किंचित कडवटपणा रेंगाळतो. काहींना तो खटकतो, मला त्याच्यासाठीच ती आवडते.

पहिल्या वेळी मी बाटली बर्फाच्या कप्प्यात कोंबली होती. प्यायलो तर नुसतं थंड, उग्र पाणी. वैतागून पेला पडवीत तसाच ठेवला, अर्ध्या तासाने सहज उचलला तर वास मोकळा झालेला. तेव्हापासून साधी मीड फ्रिजमधून वीस मिनिटं आधी बाहेर काढतो, आणि पेला अर्धाही भरत नाही.

कोकमाची मीड बाजारात बहुतेक हलकी, फसफसणारी मिळते. ती गारच प्यावी. सोलकढीवर वाढलेल्या जिभेला तिची ओळख करून द्यावी लागत नाही. दोष एकच: कोकम पुढे, मध मागे. डोळे मिटून प्यायलात तर मध आहे हे कळेलच असं नाही. आणि उघडली की त्याच दिवशी संपवायची. साधी फ्रिजमध्ये आठवडाभर तरी निघते.

आता जेवण. तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं असेल तर साधी लांब ठेवा. तिखटावर जास्त अल्कोहोल म्हणजे जिभेला दुहेरी चटका. तिथे कोकमाचीच. तिखट बेताचं घालून रव्यात तळलेला बांगडा मात्र कोरड्या मीडबरोबर फार छान जातो. गोड मीड घावणे आणि नारळाच्या रसाबरोबर घेऊन बघितली, दोन्ही गोड एकमेकांवर चढले.

चार पाहुण्यांत गप्पा मारत प्यायची असेल तर कोकमाची घ्या, कुणी नाक मुरडणार नाही. मध चाखायचा असेल तर साधी, कोरडी, आणि जेवणाआधी. भाच्याला मी साधीच आणायला सांगितली, 1 जूनला मासेमारी बंद व्हायच्या आत. गाडीच्या डिकीत मात्र ठेवू नकोस म्हटलं. मे महिन्यात घाट उतरेपर्यंत तिचा काढा होईल.