दिवाडी बेटाचा 'परवाना' आणि फुकटच्या फेरीचं तिकीट

गोव्यातल्या दिवाडी बेटावर जायला कसलाही परवाना लागत नाही. फेरीबोटीत पायी चढणाऱ्याकडून सरकार एक पैसाही घेत नाही. सप्तकोटेश्वराच्या दर्शनाला पास नसतो. या तिन्ही गोष्टींचे पैसे माझ्या मामा-मामींकडून पणजीत वसूल केले गेले, म्हणून हे लिहिते आहे.

मामा कराडचे, आता निवृत्त आहेत. सप्तकोटेश्वराचं मूळ स्थान बघायची त्यांची जुनी इच्छा होती. गोव्यावर राज्य करणाऱ्या कदंब राजांचं हे कुलदैवत आधी दिवाडी बेटावरच्या नार्व्यात होतं. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ते देऊळ पाडलं, नंतर भाविकांनी लिंग नदीपलीकडे डिचोली भागात नेलं. तिथल्या गावालाही नार्वेच म्हणतात. छत्रपती शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये या दुसऱ्या जागच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. अलीकडे राज्य सरकारनेही ते दुरुस्त करून 2023 मध्ये भाविकांसाठी पुन्हा खुलं केलं. मामांना दोन्ही नार्वे एकाच दिवशी बघून संध्याकाळी माझ्याकडे डिचोलीला यायचं होतं. बेत अगदी बरोबर होता, कारण वाट तशीच आहे: जुने गोवे, फेरीने दिवाडी, बेट ओलांडून पलीकडचा धक्का, तिथून फेरीने डिचोलीकडचं नार्वे.

मी कामावर होते. सकाळी लॉजबाहेर त्यांना एक माणूस भेटला. मराठी बोलणारा, 'काका-काकी' म्हणणारा. त्याने दिलेली चिठ्ठी माझ्यासमोर आहे. गाडी 2,500, बेट परवाना दोघांचे 1,000, फेरी तिकीट 500, दर्शन पास 400. एकूण 4,400 रुपये, सगळे आगाऊ. चिठ्ठीवर ना नोंदणी क्रमांक, ना पत्ता. नुसतं 'आयलंड टूर' आणि एक मोबाइल नंबर.

गाडी पांढऱ्या नंबरपाटीची होती, म्हणजे खासगी. भाड्याच्या टॅक्सीची पाटी पिवळी असते आणि स्वतः चालवायला मिळणाऱ्या भाड्याच्या गाडीची काळी. परगावच्या माणसाच्या हे लक्षात येत नाही आणि त्याच्या लक्षात यावं अशी अपेक्षाही मी करणार नाही. जुन्या गोव्याहून फेरी पाच-दहा मिनिटांत पलीकडे लागली. बेटावरच्या पिएदाद गावाची टेकडी झाली, जुन्या नार्व्याची जागा बघून झाली. खरा प्रकार त्यानंतर सुरू झाला.

ड्रायव्हरने रस्त्याकडेला गाडी थांबवली आणि सांगितलं की पुढची फेरी बंद आहे. आता मागे फिरून बाणस्तारी, माशेल, आमोणे असा वळसा घ्यावा लागेल, त्याचे वेगळे 2,500. नको असेल तर इथेच उतरा. बॅगा डिकीत होत्या. ऊन उतरत होतं आणि मामींचे गुडघे दुखत होते. दिवाडीत धक्क्यावर उतरलात की टॅक्सी उभी आहे, असं नसतं. बस आहे, पण ती तिच्या वेळेने येते. बेट रुंद, मधे खाजण म्हणजे खाऱ्या पाण्यालगतची सखल जमीन, वस्त्या लांब लांब. या माणसांचा सगळा धंदा यावरच चालतो. पणजीत पैसे घेताना ते गोड असतात, कारण तिथे तुमच्यापुढे दहा पर्याय आहेत. पाण्यापलीकडे नेलं की पर्याय उरत नाही, आणि तिथे भाव तेच ठरवतात.

मामा शांत राहिले. समोरच्या दुकानात जाऊन त्यांनी फेरीची चौकशी केली. दुकानातल्या बाई म्हणाल्या, "फेरी चालू आसा. पयशे कसले?" हे ऐकल्यावर ड्रायव्हरचा आवाज चढला. बॅगा हव्या असतील तर 1,000 टाका, असं तो म्हणाला. मामांनी दिले. औषधं त्या बॅगेत होती, तिथे दुसरं काय करणार? ड्रायव्हर निघून गेला. त्या बाईंच्या मुलाने दोघांना स्वतःच्या गाडीतून धक्क्यावर सोडलं आणि पेट्रोलचेही पैसे घेतले नाहीत. पलीकडे मी उभी होते. मामींनी मला सांगितलेली पहिली गोष्ट हीच, की फेरीत कुणी तिकीट मागितलंच नाही.

मला राग पैशांचा कमी, देवाच्या नावावर 'पास' विकल्याचा जास्त आहे. कराड, सांगली, कोल्हापूरकडून कितीतरी वयस्क माणसं या देवळाच्या ओढीने येतात. त्यांना गाठून हे केलं जातं.

तुम्ही येणार असाल तर पणजीहून जुन्या गोव्याला बस धरा, फेरीने पायी पलीकडे जा. चारचाकी फेरीत चढवायची तर थोडा आकार पडतो, तो बोटीवरच्या कर्मचाऱ्याला द्यायचा, दलालाला नाही. बेटावर फिरायला वाहन लागतंच. काळ्या पाटीची स्कूटर पणजीतून घ्या, किंवा पिवळ्या पाटीची टॅक्सी परतीसकट ठरवा आणि निम्मे पैसे परतल्यावर देण्याचं आधीच बोलून घ्या. फेरी चालू की बंद हे ड्रायव्हरला नाही, धक्क्यावर विचारा. शेवटच्या फेरीची वेळही तिथेच कळते. औषधं आणि ओळखपत्रं डिकीत ठेवू नका.

शेजारच्या चोडण बेटाबाबत मात्र गोंधळू नका: तिथल्या सलीम अली पक्षी अभयारण्याला प्रवेश शुल्क खरंच आहे, पण ते वनखात्याकडे भरायचं. आणि अंजदीवची सहल कुणी विकत असेल तर तिथेच थांबा. ते बेट नौदलाच्या ताब्यात आहे, पर्यटकाला तिथे उतरता येत नाही.

गोव्यात सहली विकणाऱ्याला 1982 च्या कायद्याप्रमाणे पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. प्रमाणपत्र दाखवा म्हणा, नाही म्हणाला तर पुढे चला. अडवून धरलं तर 112 लावा. आम्ही चिठ्ठी आणि गाडीचा नंबर जोडून पोलिसांत आणि पर्यटन खात्यात, दोन्हीकडे लेखी तक्रार दिली आहे. तो मोबाइल नंबर आता बंद लागतो. असा 'बेट परवाना' तुम्हालाही कुणी विकला असेल, तर चिठ्ठी फाडू नका, रक्कम लहान असली तरी तक्रार द्या. एकाच प्रकाराच्या चार तक्रारी झाल्या तर त्या माणसाला शोधणं पोलिसांना टाळता येणार नाही.