अलादिन डेस्कटॉप: जेलीफिश तेजोमेघाच्या कसोटीवर

स्ट्रासबर्गच्या सीडीएस या खगोलीय माहिती केंद्राचं अलादिन हे आकाशाचे नकाशे दाखवणारं सॉफ्टवेअर पूर्ण मोफत आहे, फक्त संगणकावर जावा लागतं. सुपरनोव्हाचे (स्फोट झालेल्या ताऱ्यांचे) अवशेष निरनिराळ्या तरंगलांबींत एकावर एक ठेवून बघायला झकास. पण नकाशात जे दिसत नाही ते आकाशातही नाही, असं समजलात तर फसाल.

चाचणीसाठी मिथुन राशीतला आयसी ४४३, म्हणजेच जेलीफिश तेजोमेघ हा सुपरनोव्हाचा अवशेष घ्या. वरच्या चौकटीत नाव टाका आणि दृश्य एक अंशाचं ठेवा, कारण हा अवशेष साधारण ४५ आर्कमिनिटांचा (६० आर्कमिनिटं म्हणजे एक अंश) आहे. डावीकडच्या यादीतून लाल प्रकाशासाठी डीएसएस२ लाल, अवरक्त किरणांसाठी टू-मासचा के पट्टा आणि क्ष-किरणांसाठी रोसॅट हे सर्वेक्षणांचे नकाशे उघडा. उजवीकडे थर रचले जातात. प्रत्येकाची पारदर्शकता पट्टी सरकवून बदलते.

खरी गंमत इथे आहे. लाल प्रकाशात ईशान्येच्या कडेचे तंतू उठून दिसतात. के पट्ट्यात मात्र नजर दक्षिणेकडे जाते: तिथे आघातलाट रेणवीय ढगावर (रेणूंच्या रूपातल्या थंड वायूच्या ढगावर) आदळते आणि तापलेला रेणवीय हायड्रोजन २.१२ मायक्रॉनला चमकतो. ही कड फिकट असते, म्हणून 'पिक्सेल' बटणातून लॉग मापन (फिकट भाग उजळवणारी मोजपट्टी) निवडा. क्ष-किरणांत कडेऐवजी पोट भरलेलं दिसतं. लाल चित्रात पश्चिमेला दिसणारा मोठा झगझगाट ईटा जेमिनोरम या ताऱ्याचा. अवशेषाशी त्याचा संबंध नाही. फर्मी या अवकाश दुर्बिणीच्या गॅमा किरणांच्या नकाशात नुसता धूसर गोळा आहे. इथे प्रोटॉनना प्रचंड वेग मिळतो याचा २०१३चा पुरावा वर्णपटातून आला, चित्रातून नव्हे.

रेडिओत सगळ्यात जास्त घोळ होतो. व्हीएलएएसएस या रेडिओ सर्वेक्षणाचा नकाशा २.५ आर्कसेकंद (६० आर्कसेकंद म्हणजे एक आर्कमिनिट) इतका बारीक, म्हणून तोच उघडावासा वाटतो, आणि अवशेष जवळजवळ गायब! अँटेनांमधली अंतरं मोठी असली की पसरट प्रकाश पकडलाच जात नाही. त्या मांडणीत साधारण एका आर्कमिनिटापेक्षा मोठी रचना हरवते. त्यापेक्षा नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचं टीजीएसएस सर्वेक्षण लावा: १५० मेगाहर्ट्झ, भेदनक्षमता २५ आर्कसेकंद. तेवढा भाग 'क्रॉप' करा, मग 'कॉन्ट'ने चार-पाच समोच्च रेषा (सारख्या तेजाचे बिंदू जोडणाऱ्या) काढून लाल चित्रावर टाका. पहिली रेषा गोंगाटाच्या (चित्रातल्या निरर्थक चढउतारांच्या) किमान चौपट ठेवा, नाहीतर चित्रभर किडे-मुंग्या उमटतात.

रेषा काढण्याआधी थर एफआयटीएस या मूळ मोजलेले आकडे जपणाऱ्या फाइल स्वरूपात आहे ना, ते बघा. जेपीईजीत ० ते २५५ एवढेच आकडे असतात. रंगीत नकाशांवर तर मोजमाप करूच नका. एफआयटीएसचे बरेच थर उघडले की कमी रॅमचा संगणक रखडतो. नको ते थर काढून टाकत जा. तेजस्विता मोजायची असेल तर त्या त्या दुर्बिणीच्या संग्रहातून मूळ फाइल उतरवून घ्या.