बिलात १२ एलईडी, बोर्डावर नवे ३

गाडीच्या डॅशबोर्डवरच्या मीटरच्या बॅकलाइटच्या (काट्या-आकड्यांमागच्या उजेडाच्या) दुरुस्तीच्या नावाखाली कशी लूट चालते ते एकदा नीट वाचा. बिलातल्या ओळी अशा: एसएमडी (थेट बोर्डावर सोल्डर होणारे बारीक) एलईडी १२, ड्रायव्हर आयसी (एलईडी चालवणारी चिप) १, बोर्ड दुरुस्ती, प्रोग्रॅमिंग. क्लस्टर, म्हणजे मीटरचा अख्खा संच, पुन्हा उघडल्यावर नवे एलईडी सापडले ३. आयसीला कुणी हातही लावलेला नव्हता. पायांवरचं सोल्डर मूळचं, फ्लक्सचा (सोल्डर करताना लावतात त्या रसायनाचा) डाग नाही. राहिलं प्रोग्रॅमिंग. एलईडी बदलायला कसलं आलंय प्रोग्रॅमिंग?

मूळ बिघाड साधा होता. डावीकडचा तेवढाच भाग अंधारा, बाकी मीटर व्यवस्थित उजळ. अशा बोर्डावर पांढरे एलईडी सहसा तीन-तीनच्या माळेत असतात आणि प्रत्येक माळेला करंट आवरणारा एक रेझिस्टर. माळेतला एक गेला की तिन्ही विझतात. बदलायचा असतो एक, फार तर तिन्ही, म्हणजे उजेडाचा रंग सारखा राहतो.

आणि नेमकं जिथे ओळखायला हवं होतं ती जागा आठवली की अजून डोकं फिरतं. किल्ली फिरवून तो मीटरवाला मेकॅनिक छातीठोकपणे म्हणाला, "बोर्ड गेलाय साहेब." त्याच क्षणी समोर काटे हलले, इशाऱ्याचे सगळे दिवे लागून विझले, ओडोमीटरचा आकडा स्वच्छ दिसला. गेलेला बोर्ड असा वागतो? डिमर (मीटरचा उजेड कमी-जास्त करायचं बटण) फिरवून पाहिला नाही, फ्यूज काढून पाहिला नाही, मल्टिमीटर तर खिशातूनही निघाला नाही. निदान मात्र तयार!

"सोल्डरिंग येतं तर घरीच का नाही केलं?" हा प्रश्न विचारणाऱ्यांनी जरा थांबावं. काही गाड्यांत इमोबिलायझर (चोरी रोखायला किल्ली ओळखणारी यंत्रणा) क्लस्टरमध्येच असतो, स्टिअरिंगजवळ एअरबॅगची वायरिंग असते. अशा ठिकाणी रोज हेच काम करणाऱ्याकडे गाडी देणं शहाणपणाचंच. आणि गाडी ताब्यात घेताना मीटर उघडून कोण बघतं? वरून तर लख्ख दिसत होता.

तो लख्खपणाच खरी लबाडी. मूळ रेझिस्टरवर २२१ छापलेलं होतं, म्हणजे २२ वर एक शून्य, २२० ओहम. इंजिन चालू असताना १४ व्होल्ट धरा, तीन एलईडींचे ३.२ प्रमाणे ९.६ गेले, उरले ४.४. त्याला २२० ने भागलं की २० मिलिअँपिअर, म्हणजे एलईडीला झेपेल तेवढाच करंट. याने तिथे १०१ लावला, म्हणजे १०० ओहम. करंट जवळपास दुप्पट. गाडी देताना प्रकाश असा की गिऱ्हाईक खूश. काही आठवड्यांत एलईडी पिवळट, मग मंद, मग ठार. रेझिस्टरखालचा बोर्ड तपकिरी पडला तो वेगळाच. शिवाय डायल काढताना काटे खूण न करता उपटले, त्यामुळे टाकी भरली तरी काटा पूर्णच्या खालीच.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस म्हणतात, हा दिवाणी वाद, इथे नोंद होत नाही. ग्राहक तक्रार कक्ष म्हणतो, भाग बदलले नाहीत याचं तज्ज्ञाचं प्रमाणपत्र आणा. अधिकृत सर्व्हिस सेंटर म्हणतं, आम्ही क्लस्टर दुरुस्त करत नाही, अख्खा बदलतो, आणि बाहेर उघडलेल्या क्लस्टरवर लिहून देत नाही. परत कक्षाकडे जा, तर म्हणे जुने भाग जमा करा. जे भाग बदललेच नाहीत ते जुने म्हणून आणायचे कुठून? बोर्डाचे फोटो दिले तर, "यावरून काही सिद्ध होत नाही." रेझिस्टरवरचे तीन आकडे वाचता येत नसतील तर तांत्रिक तक्रारी घेता कशाला? शेवटी अर्जावर शेरा: निकाली. कुणाच्या बाजूने, ते मात्र लिहिलेलं नाही.

रेडिओ आणि एसीच्या बटणांचे दिवेही मीटरबरोबर गेले असतील तर क्लस्टर उघडूच देऊ नका. आधी पार्किंग लाइटचा फ्यूज आणि डिमर बघा. डॅशबोर्डवर थाप मारल्यावर उजेड येत-जात असेल तर बहुधा कनेक्टरचं सोल्डर सुटलंय, एलईडी गेलेला नाही. गाडी देण्याआधी ओडोमीटरच्या आकड्याचा आणि काट्यांच्या जागांचा फोटो काढा, नाहीतर दुसऱ्याच गाडीचा मीटर गळ्यात पडेल. काढलेले एलईडी मोजून परत मागा, बिल देण्याआधी. एलईडीचा उजेड जुन्यापेक्षा डोळ्यांत खुपण्याइतका जास्त असेल तर रेझिस्टरचा आकडा दाखवायला सांगा.

जुन्या, बल्बच्या मीटरमध्ये "सगळे एलईडी करून देतो" म्हणणारा भेटला तर बॅटरी चार्जिंगच्या दिव्याला हात लावू देऊ नका. बऱ्याच गाड्यांत त्या बल्बमधूनच अल्टरनेटरला (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राला) सुरुवातीचा करंट मिळतो. तिथे नुसता एलईडी बसला की अल्टरनेटर चार्ज करायचा थांबू शकतो, आणि मग हाच माणूस तुम्हाला नवी बॅटरी विकतो.